आरसा आणि गोलकीपर

"म्हणजे उद्या फायनलला मी बाकावर बसायचं? आणि गोलात तो नेमिनाथ?"

कीर्तिराजच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मिरजेच्या हॉकी मैदानावर आपल्यासारखा गोलकीपर दुसरा नाही, याची त्याला पक्की खात्री होती. सेमीफायनलमध्ये तीन गोल खाल्ले होते खरे, पण ते काय, बॅकवाल्यांचं पाप!

संघाचे प्रशिक्षक दस्तगीर उस्ताद खांबाला टेकून पॅडचा पट्टा शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उस्ताद, मी रोज आरशासमोर सराव करतो. बघा तरी!"

त्याने बरोबर आणलेला प्लास्टिकचा आरसा उघडला. वजनाला पापडासारखा, पण घड्या मोकळ्या केल्या की चांगला भिंतभर. त्याच्यासमोर तो गुडघ्यात वाकला, स्टिक टेकवली, डावा हात पसरला. काय ती ऐट! स्वतःवरच खूश झाला बेटा.

"कसा दिसतो?"

"झकास. नवरदेव दिसतोस."

"मग?"

उस्ताद उठले. आरसा उचलून पेनल्टीच्या ठिपक्यावर नेला आणि तो धरून त्याच्यामागे उभे राहिले. आरशाखाली फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"गोलरेषेवर जा. काय दिसतं?" आरशाने विचारलं.

"मी... लहानसा."

"आणि?"

"दोन्ही बाजूंना जाळी." त्याने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. "एवढी मोकळी जागा, उस्ताद?"

"चेंडूला रोजच दिसते."

कीर्तिराज दोन पावलं पुढे आला. आरशातला कीर्तिराज फुगला, जाळी आक्रसली. अरेच्चा! तो आणखी पुढे आला. मग काय, गडी थांबतोय कसला! आरशाला नाक लागेपर्यंत आला.

"उस्ताद, जाळी गेली! आता नुसता मीच मी!"

तेवढ्यात आरशामागून उस्तादांनी एक चेंडू अलगद वर उडवला. तो कीर्तिराजच्या डोक्यावरून पलीकडे पडला आणि रमतगमत गोलात गेला.

कीर्तिराज वळून बघतच राहिला. त्याला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण तो गोल आता त्याला पहिल्यांदाच एवढा मोठा दिसत होता.

तो हळूच म्हणाला, "मग मी उभं तरी कुठं राहायचं, उस्ताद?"

उस्तादांनी आरसा मिटून काखेत घातला.

"नेमिनाथला निरोप दे. उद्या बाकावर त्याने बसायचं."

"म्हणजे मी... गोलात? पण मला तर उत्तर माहीत नाही!"

"सापडलंय असं वाटलं की सांग. बाकावर जागा करून देतो."