मोड आलेल्या बियांचं लोणी

एका गावात जमिनी पुरुषांच्या होत्या आणि झाडं बायकांची. गाव आपल्याकडचं नव्हे बरं का. दूर आफ्रिकेत, जिथे वाळवंट संपून गवत सुरू होतं, तिथलं. तिथे शेताशेतांतून शियाची झाडं उभी असत. शिया म्हणजे आपल्या मोहाची लांबची बहीणच. फळ गोड, आणि आतल्या बीच्या गरातून लोणी निघतं.

आता शहरातले लोक त्याच लोण्याची इवलीशी डबी आणून ओठांना लावतात. त्या गावाचा मात्र सगळा संसार त्यावर चालायचा. कालवण त्यात, दिवा त्याचा, टाचांच्या भेगांना तेच, ढोलाच्या कातड्यालाही तेच. आणि तान्ह्या बाळाला तर त्यावाचून गत्यंतरच नव्हतं. पाऊस सरला की वाळवंटाकडून असा कोरडा वारा सुटायचा, की मोठ्यांची कातडी फाटून रक्त यायचं. मग तान्ह्यांचं काय विचारता?

फळ तोडायचं नाही, पडलेलंच वेचायचं, अशी तिथली रीत. वेचलेल्या बिया लगोलग उकडून वाळवायच्या. ओल्या राहिल्या तर मोड येतात, त्यांना आंबूस वास सुटतो आणि मग लोणी काही धरत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

लोणी काढायचं ते सगळ्या गावाने मिळून. घराघरातल्या बिया एकत्र करायच्या, कुटायच्या, भाजायच्या, दळायच्या. मग तो तपकिरी लगदा एका मोठ्या काठवटीत घालून सगळ्या बायकांनी हातांनी फेटायचा. फेटता फेटता तो पांढरा होतो आणि लोणी वर येतं. पण एक समजूत होती. जिच्या मनात भांडण आहे तिने काठवटीत हात घातला तर लोणी रुसतं. अशी बाई सापडली की तिचा वाटा बंद, आणि पुढच्या हंगामापर्यंत तिने गाव सोडून राहायचं.

काठवटीच्या तोंडाशी बसायचा मान कोरोतुमू नावाच्या म्हातारीचा. पाणी कधी घालायचं, गरम की गार, हे तीच सांगायची. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाई खरोखरच हुशार होती, उगाच कशाला नावं ठेवा? पण त्या वर्षी तिला हाव सुटली. आपला ढीग गावात सगळ्यांत मोठा दिसावा म्हणून ती वेचतच राहिली आणि उकडायचं लांबणीवर टाकलं. मध्येच पाऊस आला, ढीग भिजला आणि बियांना मोड आले.

म्हातारीने काय केलं माहीत आहे? घरामागे बसून एकेक मोड खुडला, बिया उकडल्या, वाळवल्या आणि मानाने नेऊन सगळ्यांच्या बियांत ओतल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटलं.

फेटायचा दिवस आला. बायकांचे हात भरून आले, खांदे गळाले, तरी लगदा तपकिरीचा तपकिरीच. म्हातारीने हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि तिला सगळं कळलं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, आज भांडून कोण आलंय?

तिथे तेने नावाची एक सून होती. नदीपलीकडच्या गावाहून आलेली, पाठीशी तान्ही लेक बांधलेली. सकाळी सरपणावरून तिची सासूशी बोलाचाली झाली होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तेने म्हणाली, बोलले हे खरं, पण तिथेच मिटलं, सासूबाईंनीच मला भाकर वाढली. सासूनेही मान हलवली. ऐकतंय कोण! सगळ्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत बसल्या.

एक शब्द बोलायचा होता हो. एकच. पण म्हातारी काठवटीकडे बघत म्हणाली, "हिला उठवा."

सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो. पाठीवर तान्हं लेकरू, वारा सुटायच्या बेतात, आणि नदीपलीकडे शियाचं एक झाड नाही, की लोण्याचं बोट नाही. हे सगळं त्या म्हातारीला माहीत होतं. तरी तिने पोरीला उठवलं. तेने कुणाच्या पाया पडली नाही. तिने हात धुतले, लेकीला घट्ट बांधलं आणि नदीच्या वाटेला लागली.

बायकांनी उरलेल्या बिया दळून पुन्हा फेटायला घेतल्या. आता अपशकुनी गेली, आता धरेल, असं सगळ्या म्हणत होत्या. कुठलं धरतंय? त्याच बिया, तोच लगदा. वारा सुटला तरी गावात लोणी नाही.

मग पुन्हा तोच प्रश्न निघाला, आता कोण? समजूतच ती, तिला रोज एक माणूस लागतंच. या वेळी नजरा वळल्या त्या म्हातारीच्याच लेकीकडे. तिचं नवऱ्याशी वाजलं होतं, आणि तिचे दिवस भरत आले होते. बायका तिला उठवायला निघाल्या, तशी म्हातारी काठवटीवर आडवी पडली.

"तिला हात लावू नका," ती म्हणाली. "माझ्या बियांना मोड आले होते. मीच त्या ओतल्या."

बिया बिघडल्याचं कुणाला एवढं वाटलं नाही, बिया कधी ना कधी सगळ्यांच्याच बिघडतात. पण आपल्या लेकीवर आलं तेव्हा उघडलेलं तोंड परक्याच्या लेकीच्या वेळी मिटलेलं होतं, हे सगळ्यांना एकदम उमजलं. म्हातारीची लेकच आईपासून दोन पावलं मागे सरकली.

घराघरात स्वयंपाकापुरत्या राखलेल्या चांगल्या बिया होत्या. त्या आणून बायकांनी फेटल्या आणि बघता बघता पांढरंशुभ्र लोणी वर आलं. पहिला गोळा पानात बांधून त्या म्हातारीला घेऊन नदीपलीकडे निघाल्या.

तेने माहेरच्या दारात बसली होती. मांडीवर लेक. लेकीचे गाल फाटून त्यांवर रक्ताच्या खपल्या धरल्या होत्या, रडून रडून आवाज बसला होता. ते पाहून म्हातारी तिच्या पायाशी बसली. तिने सगळं कबूल केलं, माफी मागितली. तेनेने ऐकून घेतलं. लोणी उघडून आधी लेकीच्या गालांना लावलं, हलक्या हाताने, पोर झोपेपर्यंत.

मग ती म्हातारीला म्हणाली, "तुम्ही घाबरलात. घाबरलेलं माणूस गप्प बसतं, ते मला कळतं." आणि बाकीच्या बायकांकडे वळून तिने विचारलं, "पण लगद्याला वास येत होता. मी नवी, मला ओळखू आला नाही. तुमच्यापैकी कुणालाच आला नाही?"

एकजण म्हणाली, "आला होता गं."

"मग?"

"तिला कोण बोलणार? आणि तू तर बाहेरचीच होतीस."

दुसरी म्हणाली, मलाही आला होता. मग तिसरी. अहो, सगळ्यांना आला होता! एका म्हातारीने गाव फसवलं असं म्हणत ज्या आल्या होत्या, त्यांच्यातली एकही फसलेली नव्हती.

तेने त्यांच्याबरोबर परत गेली नाही. त्यांना पाणी दिलं, म्हातारीला हात धरून उठवलं आणि दार लावून घेतलं.

आता तात्पर्य, लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी आधी ऐकावं: लोणी धरत नसेल तर आधी बिया तपासाव्यात, बाहेरची सून नव्हे. आणि वास येऊनही जो गप्प बसतो, त्याने एकट्या म्हातारीला बोल लावू नये.