खारीच्या रिकाम्या ढोल्या

मुलांनो, एका रानात आंब्याच्या जुन्या झाडावर एक म्हातारी खार राहत असे. उमेदीच्या काळात पोटाला चिमटा काढून तिने ढोलीभर दाणे साठवले होते. आता धावपळ होत नव्हती. पावसाळ्यात त्या साठ्यावरच तिचे भागणार होते.

पण समोरच्या सावरीवर एक सुतारपक्षी होता. त्याने खोडात ढोल्या कोरून पोपटांना भाड्याने दिल्या होत्या. अंडी घालायचे दिवस, ढोल्यांना मागणी फार! कोणी भाडे म्हणून कणीस आणी, कोणी पिकले उंबर. ते पाहून खारीच्या पोटात दुखू लागे. स्वतःचा दाणा तिला गोड लागेना. "मी जन्मभर वेचून मेले, आणि हा बघा, बसल्या जागी खातोय!"

एकदा न राहवून ती म्हणाली, "सुतारभाऊ, माझा सगळा साठा घ्या, पण मलाही ढोल्या कोरून द्या."

"देईन की, आजी. पण सगळा साठा घालवू नका. भाडं म्हणजे तोंडी लावणं. ताटात भाकरी नको का?"

खार घुटमळली. साठा दिसला की पाऊल मागे येई, कणीस दिसले की पुढे जाई. शेवटी तिला वाटले, 'याला माझं बरं झालेलं बघवत नाही, म्हणून मोडता घालतोय मेला!' झाले, साठा गेला आणि ढोल्या आल्या. पोपटही राहायला आले. खार शेपटी फुलवून रानभर मिरवली.

पुढे पिल्लांना पंख फुटले आणि सगळी बिऱ्हाडे उडून गेली. पावसाची झड लागली. उपाशी खारीने हाक मारली, "सुतारभाऊ, तुमच्या पोपटांना सांगा ना, माझ्या ढोल्या रिकाम्या आहेत!"

"माझे तरी कुठे राहिलेत, आजी? माझ्याही रिकाम्याच आहेत."

खारीने प्रथमच त्या ढोल्यांकडे नीट पाहिले. एकीतही कोणी नव्हते. सुतार मात्र शेजारच्या खोडावर चोच मारून किडे वेचत होता, पोटभर खात होता. तो रोजच तसा खात असे. खारीने फक्त कणसे पाहिली होती.

तात्पर्य : शेजाऱ्याची वरकमाई पाहून म्हातारपणाची शिदोरी मोडू नये. मत्सराला दुसऱ्याचे भाडे दिसते, भाकरी दिसत नाही.