लिंबू न अडणारा तलाव

गळ्याशपथ खरी गोष्ट आहे ही, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. म्हणजे माझ्या पणजोबांच्याही जन्माआधी, पण ते असो.

एका राज्यात एक मिस्त्री होता. फरशी बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. या टोकावरून ढकललेलं लिंबू न अडखळता त्या टोकाला गेलं, की फरशी पास. राजाने त्याला सांगितलं, "गावाला तलाव बांधून दे. भोयांना मासळी मिळावी, लोकांना संध्याकाळी पाण्याशी बसता यावं."

मिस्त्रीने जागेवरची बाभळीची खोडं उपटली, धोंडे हलवले, खड्डे बुजवले, चारी बाजूंनी सरळसोट भिंती चढवल्या.

बायको म्हणाली, "अहो, लहानपणी ओढ्यात मासे कुठून धरायचात?"

"धोंड्यांखालून."

"मग हे धोंडे कुठं निघाले?"

"गप बस. राजेसाहेब बघायला येणार. लिंबू अडलं तर माझं नाक जाईल."

लिंबू अडलं नाही. राजाने टाळ्या वाजवल्या.

पावसाळ्यात तलाव भरला. भोयांनी माशांची पिल्लं सोडली. लपायला काडीचा आडोसा नाही. पाणकावळ्यांनी पंगत मांडली आणि उठताना ढेकरही दिले. लोक फिरायला आले, उंच भिंतीवरून पाणी पाहिलं आणि पोरांचे हात घट्ट धरून परत गेले.

मिस्त्री एकटाच भिंतीवर उभा होता. उरलासुरला एक मासा वर आला नि म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या घराला कोनाडा, माळा असं काही आहे का हो?" मिस्त्रीला मान वर करवेना.

दिवाळीच्या दरबारात राजा त्याला शेला द्यायला उठला. दाराशी भोई रिकामी जाळी घेऊन पाणकावळ्यांना शिव्या देत होते. मिस्त्रीवर कुणाचा संशयही नव्हता.

तो मागे सरला. "महाराज, दोष पाखरांचा नाही. मी तलाव नाही, फरशी बांधली. मासा कुठं राहतो ते मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

राजाने शेल्याची घडी घातली आणि तोही खाली बघू लागला.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, तेव्हा मिस्त्रीने खोडं स्वतःच्या खांद्यावरून परत आणली, धोंडे रचले, एक भिंत पाडून उतार केला. एक म्हातारा भोई म्हणाला, "मिस्त्री, लिंबू आणू का?" मिस्त्री ओझ्याखाली तसाच चालत राहिला.

पुढे तिथं मासळी झाली, पोरं गुडघाभर पाण्यात डुंबू लागली. मिस्त्री मात्र त्या वाटेने जाताना पागोटं डोळ्यांवर ओढून घ्यायचा.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी बांधायचं त्यांची सोय बघून बांधावं, शाबासकीकडे बघून नव्हे.

आता कबूल करतो, मासा बोलला हे तेवढं माझ्या पदरचं. मासा कशाला बोलेल? मिस्त्रीला सगळं आधीपासूनच माहीत होतं.