सुवेणी आणि सोनेरी टोपडं

एका राज्यात, जिथले डोंगर ढगांना टेकून उभे असत, सत्यध्वज नावाचा राजा राज्य करी. राजा शूर होता, राणी इंदुमालिनी समंजस होती, प्रजा पोटभर जेवून सुखाने झोपत होती. असं सगळं असता एके दिवशी राजा शिकारीत वाट चुकला आणि अर्धांजन नावाच्या मांत्रिकाच्या गुहेपाशी आला. मांत्रिक घरी नव्हता. आत खुंटीवर सोन्याच्या लोकरीचा गुंडा लटकत होता. "राज्य माझं, तर गुंडाही माझाच," असं राजाने मनाशी म्हटलं, हिसडा देऊन धागा तोडला आणि गुंडा घेऊन परतला.

संध्याकाळी अर्धांजन आला. रिकामी खुंटी त्याने पाहिली. तो कड्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "माझं अर्धं राहिलं. आता या राज्यात सारं अर्धंच राहो."

आणि तसंच झालं. कुंभाराच्या मडक्याला गळा येईना. विरजलेल्या दुधाचं दही लागेना. नव्या विहिरी पाण्याच्या एक हात वर थांबल्या. सप्तपदीत सहावं पाऊल पडलं की सातवं उचलेना. नवरा-नवरी तशीच उभी, वऱ्हाडी तसेच उपाशी. राजाला आपली चूक कळली. त्याने तीनदा गुंडा परत पाठवला, पण आता गुहेची वाटही अर्ध्यावरच संपत होती. घोडे तिथून माघारी फिरत. सर्वांत मोठी काळजी मात्र महालात होती. राणीला दिवस गेले होते. नऊ महिने झाले, दहा झाले, चौदावा लागला, तरी बाळ येईना. राणी दिवसेंदिवस खंगत चालली.

तेव्हा एका सकाळी दरबाराच्या खिडकीत एक भारद्वाज पक्षी येऊन बसला. तो माणसाच्या वाणीने बोलला, "राजा, ज्या लोकरीपायी हे घडलं, तिचं टोपडं पुरं होईल तेव्हा शाप उतरेल. मात्र त्या कामात जो रागावेल, त्याची बोटं लाकडाची होतील."

राज्यातले नऊ नामांकित विणकर आले. गुंडा हाती घेतला, उलटा केला, सुलटा केला, पण त्याचं टोक कुणाला सापडेना. तिसऱ्या दिवसापर्यंत नवांपैकी प्रत्येकाने तो संतापून भिंतीवर आपटला होता, आणि प्रत्येकाची बोटं लाकडाची झाली होती.

त्याच नगरात, पूर्वेच्या वेशीजवळ, सुवेणी नावाची बाई राहत होती. वय पन्नाशीच्या पुढे, घरात दुसरं माणूस नाही, पण घर गजबजलेलं. तीन मांजरं होती: धूमकेतू नावाचा बोका, ताकासारखी पांढरी ताकू आणि काळीभोर काजळी. खिडक्यांत, फळ्यांवर, कोनाड्यांत कुंड्याच कुंड्या होत्या. नेचे होते, पानफुटी होती, कोरफड होती, गोकर्णीचा वेल छताला जाऊन भिडला होता. आणि एक पेटारा होता अर्धवट विणकामाचा. सुवेणी स्वेटर विणायला घेई. दहा ओळी होतात तोच काजळी नेच्याच्या कुंडीत माती उकरी. सुवेणी उठून माती सावरी, पाणी घाली, तेवढ्यात ताकू सुईवरचे टाके ओढून मोकळी होई. मग सुवेणी हसे आणि दुसरं काही विणायला घेई. सारं राज्य शापाने हवालदिल झालं होतं, पण तिच्या घरात फारसा फरक पडला नव्हता.

भारद्वाज तिच्या खिडकीत उतरला. तिन्ही मांजरांनी शेपट्या हलवल्या. पक्षी खिडकीच्या वरच्या गजावर सरकून बसला.

"सुवेणी, राणी तुला बोलावते आहे."

"मला? माझ्या हातचा एक मोजाही अजून कुणाच्या पायात गेला नाही."

"तरी चल."

राणी शय्येवर पडून होती. तिने सुवेणीचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आतून बाळाने लाथ मारायला घेतली, आणि ती मध्येच थांबली.

"बाई, हे असं पाच महिने चाललंय," राणी म्हणाली. "माझ्यात आता फार बळ उरलं नाही."

सुवेणीला आपल्या दहा बोटांची भीती वाटली. पण ती अर्धी लाथ तिच्या तळहातावर अजून जाणवत होती. ती म्हणाली, "विणते. पण माझ्या घरी बसून विणेन. मांजरांचं खाणंपिणं आहे, झाडांना पाणी आहे."

"जसं तुम्हाला रुचेल तसं," राजा म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने गुंडा तिच्या पदरात घातला.

पहिलं काम टोक शोधण्याचं. सुवेणीने दोन दिवस गुंडा न्याहाळला. तिसऱ्या दिवशी ती पानफुटीला पाणी घालत असता धूमकेतूने फळीवरून गुंड्यावर झेप घेतली. गुंडा पुढे, बोका मागे. नेच्याच्या दोन कुंड्या फुटल्या, गोकर्णीचा वेल खाली आला, घरभर माती झाली. सुवेणी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "झालं का रे तुझं?" ती म्हणाली. धूमकेतू दमून बसला. गुंडा कोरफडीपाशी थांबला होता, आणि कोरफडीच्या काट्यात तुटक्या धाग्याचं टोक अडकलं होतं. तिने आधी नेचे नव्या मातीत लावले, मग टोक सोडवलं.

दुसरं काम सुयांचं. लोखंडाच्या सुईवरून तो धागा घसरे, हस्तिदंताच्या सुईवरून घसरे, चंदनाच्या सुईवरूनही घसरे. भारद्वाज म्हणाला, "विणणारीच्या हातचं पाणी जिने प्यायलं आहे, तीच सुई हा धागा धरील." सुवेणी उठली. न्हाणीघराच्या दाराशी कुंडीत एक वेळू होता. सतरा वर्षं तिने त्याला वाढवला होता. घरात पाऊल टाकलं की ती आधी त्याच्याशी बोले. तिने त्याची क्षमा मागितली, दोन सडपातळ काड्या कापल्या, तासून गुळगुळीत केल्या. धागा त्यांच्यावर शहाण्यासारखा बसला.

तिसरं काम टोपडं पुरं करण्याचं. पहिल्या दिवशी ते शेवटच्या ओळीपर्यंत आलं आणि उसवलं. ताकू तिथंच बसली होती, तेव्हा आळ तिच्यावर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. या वेळी महालातून निरोप आला होता की राणीने डोळे उघडले नाहीत. सुवेणीचा तोल गेला. "सटवे, तुला कळतं का काही?" ती मांजरीवर ओरडली, आणि तिच्या डाव्या हाताची करंगळी लाकडाची झाली. तिने सुया खाली ठेवल्या. झाडांना पाणी घातलं, वाळकी पानं खुडली, ताकूला जवळ घेतलं. मन ठिकाणावर आलं तेव्हा नऊ बोटांनी पुन्हा टाके घातले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिन्ही मांजरं उन्हात पसरून झोपली होती. शेवटची ओळ आली, आणि तिच्या डोळ्यांदेखत टोपडं आपलं आपण उसवलं.

"अगंबाई," सुवेणी ताकूकडे बघून म्हणाली, "तुझा काही दोषच नव्हता की गं." मग तिने धाग्याला विचारलं, "तुला इथं राहायचं नाही. मग कुठं जायचंय?"

धागा उंबरठ्यावरून बाहेर निघाला. सुवेणीने उरलेला गुंडा आणि सुया पदरात बांधल्या आणि ती त्याच्या मागे चालू लागली. सळसळणारा धागा पाहून तिन्ही मांजरंही निघाली. वेस ओलांडली, ओढा ओलांडला. जिथं वाट संपत होती तिथं धागा पुढे गेला, आणि त्याच्याखाली वाट उमटत गेली.

गुहेत अर्धांजन बसला होता. केस गुडघ्यांपर्यंत आलेले, डोळे कोरडे. त्याच्या हातात सोनेरी लोकरीचं अर्धं टोपडं होतं. धागा सरपटत गेला आणि त्या टोपड्याच्या तुटक्या टोकापाशी थांबला.

"कोण तू?"

"सुवेणी. विणकाम करते."

"गुंडा आणलास?"

"त्यानेच मला आणलं, बाबा. हे कुणी विणलंय?"

"आईनं," तो म्हणाला. " माझ्यासाठी. मी जन्मलो आणि त्याच दिवशी ती गेली. पंधरा ओळी राहिल्या."

"इतक्या वर्षांत तुम्ही कुणाकडून पुरं करून घेतलं नाही?"

"पुरं झालं तर तिचं काम संपलं. मग ती खरंच गेली."

सुवेणी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. ताकू मात्र थेट मांत्रिकाच्या मांडीवर चढली, तीन गिरक्या घेतल्या आणि वळकटी करून झोपली. त्याने हात वर धरले. मांडीवरच्या जिवाचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. हळूच एक हात त्याने तिच्या पाठीवर ठेवला.

सुवेणीने टोपडं उजेडात धरलं. "तुमच्या आईचा हात घट्ट आहे. छान आहे. पण तिसऱ्या ओळीत एक टाका चुकलाय."

"चुकलाय?" तो दचकून म्हणाला. "आईचा?"

"हो. बहुतेक तेव्हा तुम्ही पोटातून लाथ मारली असेल."

अर्धांजनाने ते टोपडं डोळ्यांजवळ नेलं. तो चुकलेला टाका पाहिला, बोटाने चाचपला. त्याच्या कोरड्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या पाण्यातच तो हसला.

"बाबा," सुवेणी म्हणाली, "महालात एक बाळ पाच महिने अर्धीच लाथ मारतंय. त्याच्या आईने कालपासून डोळे उघडले नाहीत. पुढं काय करायचं ते तुम्ही सांगा."

अर्धांजनाने मांडीवरच्या मांजरीकडे पाहिलं, मग टोपड्याकडे.

"मला विणता येत नाही," शेवटी तो म्हणाला.

"मला संपवता येत नाही. दोघं मिळून बघू."

तिने तुटकी टोकं जोडली, वेळूच्या सुया त्याच्या हाती दिल्या आणि त्याचे हात आपल्या हातांत धरून पहिला टाका घातला. सात ओळी झाल्या तोच धूमकेतूने पंजा मारून चार उसवल्या. अर्धांजनाच्या भुवया चढल्या.

"रागावू नका," सुवेणी म्हणाली. "तुमच्याच शापाने तुमची बोटं लाकडाची होतील. उसवलेलं पुन्हा विणता येतं."

त्याने खोल श्वास घेतला आणि चार ओळी पुन्हा विणल्या. पंधरावी ओळ आली. शेवटचा टाका बंद करून त्याने स्वतःच्या हाताने गाठ मारली.

त्या क्षणी सुवेणीची करंगळी मऊ झाली. राज्यात दही लागलं, मडक्यांना गळे आले, विहिरींना पाणी लागलं, नवरा-नवरीचं सातवं पाऊल पडलं. नवही विणकरांची बोटं वळू लागली. आणि महालात इंदुमालिनीने डोळे उघडले, पुरी एक कळ आली, तिच्यामागून दुसरी आली, आणि दिवे लागण्याच्या वेळी मुलगी जन्मली. तिच्या रडण्याने कबुतरं घुमटावरून उडाली.

दुसऱ्या दिवशी राजा गुहेत आला. पायी, एकटा, कमरेला तलवार नाही.

"मी रिकाम्या घरातून न विचारता वस्तू नेली. माझी चूक झाली."

"झाली," अर्धांजन म्हणाला.

"शिक्षा द्या."

अर्धांजनाने टोपडं पुढे केलं. "मुलीला हे घाला. हवेत गारठा आहे."

पुढे राज्याची घडी बसली. गुहेची वाट सर्वांना मोकळी झाली, आणि दर अष्टमीला अर्धांजन डोंगर उतरून सुवेणीकडे विणकाम शिकायला येऊ लागला. मांजर मांडीवर झोपलं असलं, तर ते उठेपर्यंत तोही उठत नसे.

सहा महिन्यांनी राजकन्येला टोपडं घट्ट होऊ लागलं. तेव्हा राणी इंदुमालिनी स्वतः डोंगर चढून गेली. तिने ते अर्धांजनाच्या ओंजळीत ठेवलं आणि नमस्कार केला. "आपल्या आईची वस्तू," ती म्हणाली.

म्हाताऱ्या मांत्रिकाने टोपडं नाकाशी धरलं. त्याला बाळाच्या टाळूवरच्या तेलाचा वास येत होता.

त्या राज्यात ज्याचं त्याचं जसं पुरं झालं, तसं ऐकणाऱ्यांचंही होवो.