वस्ताद बगळ्याचा पाय

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात, तळ्याच्या काठी, एक म्हातारा बगळा राहत असे. बगळा तळ्याकाठी राहतो यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. नवल असे की हा बगळा खेळाचा वस्ताद होता. तळ्याला लागूनच एक मोकळे मैदान होते. मैदानाच्या दोन टोकांना दोन उंच साग होते आणि त्यांच्या फांद्यांना सुगरणींनी विणलेल्या दोन बिनबुडाच्या टोपल्या टांगलेल्या होत्या. सावरीचा कापूस भरून वर वाखाचे दोरे गुंडाळलेला चेंडू समोरच्या टोपलीतून आरपार टाकायचा, एवढाच तो खेळ. इकडे पाच खेळाडू, तिकडे पाच खेळाडू. जंगलाच्या संघाला शिकवायचे काम बगळ्याकडे होते आणि त्या कामाबद्दल तळ्यातले मासे आणि खेकडे त्याचे. दुसऱ्या कुणी त्यात चोच किंवा पंजा घालायचा नाही, असे सगळ्यांनी ठरवून दिले होते. बगळ्याच्या पंखांत आता लांब उडायचे बळ उरले नव्हते. ते तळे गेले असते तर दुसरे शोधायला तो कुठे जाणार होता?

त्याची शिकवायची तऱ्हा मात्र अजब होती. तो ओरडत नसे, धावत नसे, रागावत नसे. मैदानाच्या कडेला एका पायावर उभा राही आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी खेळ बघे. सगळे नीट चालले असेल तर तो तसाच उभा असे. कुणाचे काही चुकले की वर घेतलेला पाय हळूच खाली टेकवी. बस्स, एवढेच. पाय टेकला की खेळाडू थांबत, आपले काय चुकले ते स्वतःच शोधत, आणि सापडले की पुन्हा खेळू लागत. मग वस्तादाचा पाय पुन्हा वर जाई.

हसू नका. बगळा येण्यापूर्वी हा संघ कसा होता ते ऐका. अस्वलाला चेंडू मिळाला की ते त्यावर बसून घेई, कुणी हिसकावू नये म्हणून. साळिंदर चेंडू पाठीवर झेली आणि मग तो काट्यांतून उपटून काढण्यातच अर्धा खेळ सरे. हरणाला धावायला आवडे, पण कुठल्या दिशेने ते त्याच्या लक्षात राहत नसे. ससा एवढासा, म्हणून त्याच्याकडे कुणी चेंडू देतच नसे. आणि माकड? माकडाचा नेम असा की डोळे बांधून फेकले तरी चेंडू टोपलीत जावा. पण त्याच्या हातात आलेला चेंडू दुसऱ्या कुणाला म्हणून दिसत नसे. अशा या मंडळींचा बगळ्याने संघ केला, आणि तो संघ नदीपलीकडच्या जंगलाला हरवू लागला. जंगलातली पिल्ले झोपायच्या आधी त्या विजयांच्या गोष्टी ऐकू लागली.

पण दिवस सगळे सारखे नसतात. त्या वर्षीच्या मोठ्या सामन्यात माकडाच्या अंगात वारे शिरले. चेंडू आला की ते आपले एकटेच टोपलीकडे निघे. ससा मोकळा उभा राहून हाका मारी, पण माकडाचे कान बंद. बगळ्याने पाय टेकवला. माकडाने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. बगळा पाय टेकवून तसाच उभा राहिला. माकडाने पुन्हा तेच केले. तेव्हा बगळ्याने चोचीने खूण करून माकडाला मैदानाबाहेर बसवले आणि त्याच्या जागी खारीला घेतले. खार बिचारी जिवापाड खेळली, पण शेवटी जंगलाचा संघ एका फेकीने हरला.

झाले. सगळ्या जंगलाचे पित्त खवळले. कोल्हा तर याच संधीची वाट बघत होता. कोल्हा काकडीला राजी, असे म्हणतात, पण हा कोल्हा खेकड्यांना राजी होता आणि तळ्यातल्या गुबगुबीत खेकड्यांवर त्याचा कधीपासून डोळा होता. त्याने मोहाच्या झाडाखाली सभा बोलावली. निवाडा करायला म्हातारी हत्तीण आली. तिला सगळे आजी म्हणत.

कोल्हा उभा राहिला. "आजी, वस्ताद कसा हवा? घाम गाळणारा, ओरडणारा, खेळाडूंना पेटवणारा. आमचे वस्ताद सामना चालू असताना डोळे मिटून उभे असतात. लोक बगळाभगत म्हणतात ते काय उगाच? आपल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला यांनीच बाहेर बसवलं. सामना घालवला तो यांनी."

"खरं आहे," माकड फांदीवरून ओरडले. "मला बसवलं नसतं तर आपणच जिंकलो असतो. असा वस्ताद नको आपल्याला."

माना डोलल्या. रानकोंबड्या म्हणाल्या, नाहीतरी म्हातारा झालाय. कालपर्यंत त्याच्या विजयांच्या गोष्टी पिल्लांना सांगणाऱ्या याच बरे का. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण माणसांनी केली असली तरी ती जनावरांनाही लागू पडते, हे सांगताना मला वाईट वाटते.

हत्तीण बगळ्याकडे वळली. "वस्ताद, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"सामना हरलो हे खरं आहे," बगळा म्हणाला. "सभा सांगेल ते मला मान्य."  तो दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभा होता, पण तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

आता त्या जंगलात एक जुनी रीत होती. एखाद्याच्या कामाला नाव ठेवायचे असेल तर खुशाल ठेवावे, पण निवाडा होण्यापूर्वी नाव ठेवणाऱ्याने ते काम एकदा स्वतः करून दाखवायचे. सुतारपक्ष्याच्या ढोलीला वाकडी म्हणणाऱ्या घुबडाला एकदा स्वतः ढोली कोरावी लागली होती, आणि त्याची चोच पुढे कितीतरी दिवस दुखत होती. हत्तिणीने तीच रीत कोल्ह्याला सांगितली. "पौर्णिमेच्या सकाळी नदीपलीकडच्या संघाला पुन्हा खेळायला बोलावू. त्या दिवशी वस्ताद तू. काम करून दाखवलंस तर जागा तुझी आणि तळंही तुझं. तोवर बगळ्यानं मैदानात पाऊल टाकायचं नाही."

बगळा मान खाली घालून नदीकडे चालत गेला. त्याला हाक मारावी असे अस्वलाला वाटले, पण सगळे गप्प आहेत म्हणून तेही गप्प बसले.

कोल्ह्याने वस्तादकी कशी केली ते विचारू नका. सरावाच्या वेळी त्याने भाषणे केली. माकडाला तो म्हणाला, "तू आमचा हिरा, चेंडू तुझ्याकडेच राहू दे." सशाला म्हणाला, "तू फक्त मधे येऊ नकोस." अस्वलाला त्याने उंच उडी मारायला सांगितले. अस्वलाने आज्ञा पाळली, ते साळिंदरावर पडले, आणि पुढचे दोन दिवस पालथे निजले. इतके करून कोल्हा तळ्याकाठी जाई आणि खेकडे नजरेनेच चाखून परत येई.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. सगळे जंगल मैदानाभोवती जमले. नदीपलीकडच्या संघात दोन धिप्पाड तरस होते. खेळ सुरू झाला तसा कोल्हाही सुरू झाला. "पळ! थांब! डावीकडे! अरे, उजवीकडे!" हरीण तर इतके गोंधळले की त्याने एकदा चेंडू प्रेक्षकांतल्या मोरालाच नेऊन दिला. "असा संघ मिळाल्यावर वस्तादानं तरी काय करावं?" कोल्हा कपाळाला पंजा लावून म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडे. पहिला अर्धा खेळ संपला तेव्हा जंगलाचा संघ बराच मागे पडला होता.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र एक गोष्ट घडू लागली. कोल्ह्याचा आवाज इतका वाढला की तो खेळाडूंना ऐकूच येईनासा झाला, जसा धबधब्याजवळ राहणाऱ्याला धबधबा ऐकू येत नाही. मग ते आपापल्या अंगवळणी पडलेले खेळू लागले. साळिंदराने चेंडू छातीवर झेलला. अस्वलाने तो दाबून न ठेवता लगेच पुढे दिला. हरीण योग्य दिशेने धावले. एकेक फेक टोपलीतून जाऊ लागली आणि दोन्ही संघ बरोबरीला आले. आता शेवटची एकच फेक उरली होती, आणि चेंडू माकडाच्या हातात होता.

समोर दोन्ही तरस वाट अडवून उभे होते. त्यांच्या डोक्यांवरून टोपली दिसत होती. दूर होती, पण माकडाने याहून लांबून नेम साधलेला होता. सगळे जंगल "माकड! माकड!" म्हणून गर्जत होते. "फेक! फेक! तूच फेक!" कोल्हा किंचाळत होता. माकडाने चेंडू उचलला. त्याची नजर सवयीने मैदानाच्या कडेला गेली, जिथे बगळा उभा असायचा तिथे. जागा रिकामी होती. माकड क्षणभर थबकले. मग त्याने हात खाली घेतला आणि चेंडू सशाकडे दिला.

सशाकडे कुणाचे लक्षच नव्हते. तो अगदी टोपलीखाली उभा होता. तो उडाला, चेंडू टोपलीतून आरपार गेला, आणि जंगलाचा संघ जिंकला.

काय तो जल्लोष! कोल्ह्याला सगळ्यांनी खांद्यावर घेतले. "काम करून दाखवलं की नाही, आजी?" तो वरूनच म्हणाला. "द्या आता तळं."

हत्तिणीने सोंड वर केली. रीत म्हणजे रीत. ती निवाडा सांगणार, इतक्यात माकड गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर येऊन बसले. त्याची मान खाली होती.

"आजी, थोडं थांबा. आधी कोल्होबांना विचारा, शेवटी त्यांनी मला काय सांगितलं होतं."

हत्तिणीने कोल्ह्याकडे पाहिले. "काय सांगितलं होतंस रे?"

"फेक म्हणालो," कोल्हा पुटपुटला. नाही म्हणायची सोयच नव्हती. सगळ्या जंगलाने ते ऐकले होते.

"आणि याने फेकला?"

कोल्हा खांद्यावरून हळूच खाली उतरला.

"मी फेकणारच होतो, आजी," माकड म्हणाले. "मला फार मोह झाला होता. सगळे माझं नाव घेत होते. पण कडेला बघितलं तर वस्ताद नव्हते, आणि तरी त्यांचा पाय खाली आलेला मला दिसला. मग ससा दिसला. त्या दिवशी मला बाहेर का बसवलं, ते मला आज चेंडू हातात असताना कळलं. ते तळं वस्तादांचं आहे. सभेत त्यांच्याविरुद्ध मीच ओरडलो होतो, तर आज मलाच बोलू द्या."

मग अस्वल पुढे आले. "मी चेंडूवर बसायचो," ते म्हणाले. "ते त्यांनी सोडवलं."

हत्तीण म्हणाली, "आपण एक सामना बघितला आणि वस्ताद तोलला. हरला तेव्हा त्याला घालवायला निघालो आणि आज त्याच्याच शिकवणीनं जिंकलो, तर दुसऱ्याला खांद्यावर घेतलं. कोल्ह्यानं काम करून दाखवलेलं नाही. वस्ताद बगळाच राहील." मग ती कोल्ह्याला म्हणाली, "तुझा आवाज मात्र दांडगा आहे. यापुढे सामन्याची दवंडी तू पिटत जा." कोल्ह्याला ते काम मनापासून आवडले, हेही सांगायला हवे.

सगळा संघ धावत नदीवर गेला. बगळा पाण्यातल्या एका खडकावर उभा होता, दोन्ही पाय टेकून. ते पाहून ससा घाबरला.

"वस्ताद, आम्ही जिंकलो. मग पाय का खाली? आमचं काय चुकलं?"

"तुमचं नाही रे, माझं," बगळा म्हणाला. सामना हरला त्या दिवसापासून त्याने पाय वर घेतलाच नव्हता. "माकडाला बाहेर बसवलं ते मी पुन्हा बसवीन. पण नंतर त्याला जवळ घेऊन चार शब्द बोलायला हवे होते. पाय टेकला की सगळ्यांना सगळं कळतं, असं मी धरून चाललो. ती चूक माझी होती, आणि ती सुधारायला मला मैदानच उरलं नाही."

माकड पाण्यात उतरले आणि खडकापाशी जाऊन उभे राहिले. त्याला पाण्याची भीती वाटे, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"मला कळलं, वस्ताद," ते म्हणाले. "उशिरा कळलं, पण कळलं. चला, मैदान तुमची वाट बघतंय. तुम्ही आम्हाला शिकवलंत, आणि आम्ही तुम्हाला कधी बरं केलंत एवढंसुद्धा म्हणालो नाही. आज म्हणतो. फार बरं केलंत."

बगळ्याने पंख जरा सावरले आणि हळूच एक पाय वर घेतला.

तात्पर्य : शिकवणाऱ्याचे मोल एका हारजितीवरून ठरवू नये, तो समोर नसताना आपण कसे वागतो त्यावरून ठरवावे, आणि ते कळले की त्याचे उपकार त्याला बोलून दाखवावेत.