पुढे कोणाला द्यावे

एकदा एका वाचनालयात एक खोटी चिठ्ठी लिहिली गेली, आणि ती लिहिणारा तिथल्या वृद्ध ग्रंथपालांचाच शिष्य होता.

त्या वाचनालयाचा एक रिवाज होता. पुस्तक परत करताना वाचकाने आतल्या चिठ्ठीवर लिहायचे, की हे पुढे कोणाला द्यावे आणि का. खाली आपले नाव. शिंप्याने सुचवलेले पुस्तक डॉक्टरांकडे जाई, डॉक्टरांनी सुचवलेले कुणा आजीबाईंकडे. अलीकडे लोक त्याच चिठ्ठीवर पॉडकास्ट आणि मोबाइलवरचे गेमही सुचवू लागले होते. ग्रंथपालांना सारे तात्या म्हणत. त्यांना याचे वावडे नव्हते. माणसाने माणसाला मनापासून काही सुचवावे, एवढेच त्यांचे म्हणणे असे.

शिष्याचा थोरला भाऊ गावचा वायरमन होता. सहा महिन्यांपूर्वी तो खांबावरून पडला आणि कमरेखालचे अंग लुळे झाले. रोज उठून बसण्याचा सराव केला तर पायांत बळ येईल, असे डॉक्टर सांगत. पण त्याने सराव सोडला, मग बोलणे सोडले, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला.

शिष्य घाबरला. भेटेल त्याला विचारू लागला, "दादासाठी काहीतरी सुचवा." लोकांनी हात आखडता घेतला नाही. मास्तरांनी पुस्तके सांगितली, औषधाच्या दुकानदाराने पॉडकास्ट, शेजारच्या कॉलेजकुमाराने गेम. यादी वहीभर झाली. शिष्याने पॉडकास्ट आणि गेम दादाच्या फोनमध्ये भरले, पुस्तके उशाशी रचली. पुस्तके जशी गेली तशी परत आली आणि त्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्याच राहिल्या. कोरी चिठ्ठी परत नेण्याची शिष्याला लाज वाटे. म्हणून एके दिवशी त्याने स्वतःच लिहिले, "पुढे भांड्यांच्या शेटजींना द्यावे. मनाला धीर येतो." आणि खाली भावाचे नाव घातले.

आठ दिवसांनी भांड्यांचे व्यापारी घरी आले. त्यांची पत्नी नुकतीच वारली होती.

"वायरमनसाहेब," ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही सुचवलेलं पुस्तक वाचलं. मंडळी गेल्यापासून पहिल्यांदा घटकाभर बरं वाटलं बघा. तुम्ही एवढ्या दुखण्यात माझी आठवण ठेवलीत."

व्यापारी डोळे पुसत गेले, आणि भावाचा सहा महिन्यांचा साचलेला संताप बाहेर पडला.

"बारक्या, मी मेलोय का?"

"दादा, असं काय बोलतोस?"

"मग माझ्या नावाने सह्या कोणी करायला सांगितल्या तुला? ते पुस्तक उघडलंसुद्धा नाही मी. आणि तो बिचारा माझे उपकार मानून गेला!"

"तुझ्यासाठीच केलं रे..."

"माझ्यासाठी! जो उठतो तो माझ्यासाठी. हे ऐक, ते वाच, हा गेम खेळ. पोत्यात भुसा भरावा तसं भरताय मला. चालता हो!"

त्याने फोन फेकला. तो भिंतीवर आपटून शिष्याच्या पायाशी पडला. शिष्याने तो उचलून खिशात टाकला आणि तडक वाचनालय गाठले. अपमानाने त्याचे कान तापले होते, आणि राग काढायला समोर तात्या सापडले.

"तीन आठवडे मी तुमच्याकडे एक नाव मागतोय, तात्या. एकच! अख्ख्या गावाला सुचवता, आणि माझ्या भावाचं आलं की 'बघू' म्हणता. काय बघताय तुम्ही?"

मग रागाच्या भरात त्याने चिठ्ठीचेही सांगून टाकले.

तात्यांचा चेहरा कठोर झाला. "चाळीस वर्षांत इथे एकही खोटी चिठ्ठी नव्हती," ते म्हणाले. "आणि ती तू लिहावीस? तुला शिकवून मी काय मिळवलं?" ते काठी चाचपत उठले. "चल. तुझ्या खांद्यावर हात ठेवू दे."

अखेर तात्या दादाला काही सुचवणार, या आशेने शिष्य मुकाट चालू लागला.

खाटेशी बसल्यावर तात्यांनी प्रकृतीची चौकशी केली नाही. ते सरळ म्हणाले, "वायरमन, तुझ्याकडे काम आहे. मला काहीतरी सुचव. ऐकायला, खेळायला, काहीही."

शिष्याच्या अंगाचा भडका उडाला. "तात्या, तुम्ही द्यायला आलात की मागायला? हा माणूस अंथरुणाला खिळलाय!"

"तू गप्प बस," तात्या म्हणाले.

भाऊ भिंतीकडून वळला. "थट्टा करताय का?"

"थट्टा कशाला करू? डोळे गेलेत माझे. ऑपरेशननेही सुधारणार नाहीत म्हणतात. गेल्या दिवाळीपासून अक्षर लागत नाही. दुपारी जेवलो की दिवेलागणीपर्यंत नुसता बसून असतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, तात्या, काय वाचू? पाठ आहे तेवढं सांगतो."

भावाने हाताची बोटे वर धरली. "किती?"

"हात हलला, एवढं कळलं."

भावाने हात खाली घेतला. शिष्याला आता उलगडा झाला. दिवाळीपासून तात्या रोज पुस्तक पुढे करत आणि म्हणत, "नाव वाच बघू मोठ्याने." ते आपली परीक्षा घेतात, असे तो समजत आला होता.

"आणि या गाढवाला पत्ता नाही?" भाऊ म्हणाला.

"तो तुझ्यासाठी याद्या करण्यात गुंतला होता."

भावाने मान उचलून तात्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "हसायला हवंय, की डोकं चालवायला?"

"चिडायला मिळालं तरी चालेल. रिकामं बसणं नको."

"मग तो धीर देणारा पॉडकास्ट अजिबात ऐकू नका. असा गुळगुळीत बोलतो, की मुस्काटात द्यावीशी वाटते. एक बाई आहे, जुन्या यंत्रांवर बोलते. पिठाची गिरणी, उसाचा चरक, असलं. चुकली की 'चुकलं माझं' म्हणते आणि पुन्हा सांगते. ती ऐका. आणि एक गेम आहे, त्याला डोळे लागत नाहीत. बोगद्यातून बाहेर पडायचं, नुसत्या आवाजावर. पाणी कुठून वाजतंय, कुत्रं कुठे भुंकतंय, तसं बोट फिरवायचं."

शिष्य ऐकतच राहिला. दादाने फोनमधले सगळे पाहिले होते, ऐकले होते, आणि सांगायला त्याच्याकडे कोणी नव्हते.

"तू पडलास बाहेर?" तात्यांनी विचारले.

"छे. तिसऱ्या वळणाला मरतो."

"मग मीही मरून बघतो. दे."

शिष्याने खिशातला फोन काढून दिला. काचेला तडा गेला होता, पण तो चालू होता. तात्यांनी तो हातात घेऊन बोट फिरवले.

"अहो, उलटा धरलाय! तसं नाही... थांबा, मला इथून दिसत नाही." भाऊ कोपरावर रेलला आणि धापा टाकू लागला. "बारक्या, बघत काय उभा राहिलास? उठवून बसव मला!"

शिष्याने त्याला उठवून बसवले. कित्येक महिन्यांत तो प्रथमच बसला होता.

परतताना शिष्य म्हणाला, "हे तीन आठवड्यांपूर्वी का नाही केलंत?"

"लाज वाटली," तात्या म्हणाले. "जन्मभर दुसऱ्याला सुचवत आलो. मागायला जीभ उचलेना. तिथे मी चुकलो. पण तूही विचार कर. तो खांबावर चढायचा तेव्हा गाव त्याच्या दारात उभं असायचं. वायरमन, आमचा दिवा बघ, आमची मोटर बघ. पडल्यापासून त्याच्याकडे कोणी काही मागितलं नाही. सगळे द्यायलाच आले. ज्याच्याकडून कोणाला काहीच नको, त्याने उठून बसावं तरी कशासाठी? आणि औषध म्हणून मागितलं असतं, तर त्याने मलाही हाकललं असतं. मला खरंच हवं होतं रे."

दुसऱ्या दिवशी शिष्याने व्यापाऱ्यांकडे जाऊन खरे सांगितले. ते भयंकर चिडले. दुःखातल्या माणसाशी असे खेळतात का, म्हणून त्यांनी त्याला दुकानात सगळ्यांसमोर फैलावर घेतले. मग ती चिठ्ठी फाडली, दुसरी घेऊन तिच्यावर काही लिहिले आणि पुस्तक त्याच्या हातात आदळले.

शिष्याने ते आणून भावासमोर धरले. चिठ्ठीवर होते, "पुढे वायरमनसाहेबांना द्यावे. मला शेवट पटलेला नाही. वाचून मला सांगावे."

भावाने ती ओळ दोनदा वाचली.

"काय पटलं नाही म्हणे शेटजींना?"

"मी नाही विचारलं. त्यांची बोलणी खाण्यातच..."

"कळलं. माझाही राग गेलेला नाही तुझ्यावर."

"असू दे."

भावाने उशी पाठीशी ओढली, शिष्याचा हात धरून तो उठून बसला, आणि त्याने पहिले पान उघडले. मग पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "ती खिडकी उघड. उजेड कमी पडतोय."