कोणीच नसलेला माळ

एका माळावर कोणीच राहत नसे, असं जो तो म्हणे. झाड नाही, पाणी नाही, नुसतं पिवळं गवत आणि धोंडे. पण बाळांनो, तिथले धोंडे श्वास घेत! एखादा धोंडा कान हलवी, तो असे ससा. एखादं ढेकूळ जीभ काढी, तो असे सरडा. गवतातून चंडोल गात गात सरळ वर जाई. इतका वर, की पक्षी दिसेनासा होई आणि आभाळच गातंय असं वाटे. टिटवीची अंडी तर उघड्या मातीत पडलेली असत. त्यांतले खडे कुठले नि अंडी कुठली, हे तिचं तिलाच ठाऊक. लपण्यात या मंडळींचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एके दिवशी शहरातला कावळा उडत आला. "आटपा रे तुमचं, शहर येतंय इकडं! आज माणसं येऊन सगळं बघून गेली. जागा मोकळी आहे, उद्या कामाला लागू, म्हणाली."

ससा पोट धरून हसला. "बघून गेली? अहो, त्यांची विजार माझ्या कानाला घासून गेली, तरी दिसलो नाही!"

टिटवी मात्र हसली नाही. तिच्या पोटाखाली चार अंडी होती, आज फुटतील की उद्या अशी. ती म्हणाली, "हसतोस काय मेल्या? आपण दिसलो नाही, म्हणून तर जागा मोकळी ठरली."

"मग काय, आपणहून पुढं व्हायचं? वेडी की काय तू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी घराएवढं पिवळं मशीन धडधडत आलं. जमीन थरथरली. सगळे जागच्या जागी दडले, एकाचाही कान हलेना. टिटवीलाही तिच्या आईनं दडायचंच शिकवलं होतं. पण मशीन अंड्यांपाशी आलं, तशी ती उठली आणि पंख पसरून त्याच्या पुढ्यात उभी राहिली. ओंजळभर जीव, आणि केवढा तो कल्लोळ!

"ही बाजूला का होईना रे?" म्हणत मशीनवाल्यानं मशीन बंद केलं.

"हाण पुढं! धोंडे तर आहेत नुसते," त्याचा सोबती खाली उतरत म्हणाला.

सगळीकडं सामसूम झाली. आणि त्या सामसुमीत एक धोंडा बोलला. "ची!" अगदी बारीक. दोघं उकिडवे बसले. धोंड्याला तडा गेला, तड्यातून ओली चोच बाहेर आली. पलीकडच्या धोंड्याला डोळा होता. ढेकळानं जीभ काढली. पायाशेजारून चंडोल उठला नि गात गात आभाळात गेला.

"आईशप्पथ," मशीनवाला कुजबुजला, "इथं तर अख्खं गाव नांदतंय!"

सोबती जायला उठला, पण त्याचा उचललेला पाय तसाच वर राहिला. तो खाली कुठं ठेवावा, हेच त्याला कळेना.

मशीन आलं त्याच चाकोरीतून मागं गेलं. पुढं त्या दोघांनी ज्याला त्याला आणून तिथं उकिडवं बसवलं. शहर आलंच, ते काही थांबत नाही. अर्धा माळ त्यानं घेतला. पण उरलेल्या अर्ध्याला वळसा घालून रस्ता गेला, आणि त्या कडेला टिटवीची पिल्लं अजून खड्यांत खडे होऊन बसतात.

तात्पर्य : रिकामी जमीन अशी कुठं नसतेच, उभ्यानं पाहणाऱ्याला ती रिकामी दिसते, खाली बसून पाहणाऱ्याला भरलेली.